पट्टी उतरवायचा तास

रेवाचे बाबा गेले त्या संध्याकाळी मी आधी गॅस बंद केला, मग भाजीवर झाकण ठेवलं आणि मग डॉक्टरांना फोन लावला. वसाहतीत अजून सांगतात, "प्रणिता चटप म्हणजे धीराची बाई!" धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. माणूस खुर्चीत मान टाकून बसलेला, मी त्यांच्या कपाळाला हात लावला, तर मला ते कपाळ गरमसुद्धा लागेना. थर्मामीटर लावल्यावर कळलं की ताप बेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर होता. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं होतं. मग मी सगळ्यांना चहा केला.

त्यांच्या मानेवर पट्टी होती आणि माझ्याही.

पट्टी म्हणजे काय ते सांगते. सांगायचा माझा रोजचाच धंदा आहे. वर्धा नदीकाठी आमचं वीज केंद्र, त्याची ही प्रकाशनगर वसाहत, आणि वसाहतीच्या दवाखान्यात औषधं देणारी मी. अलीकडे औषधांपेक्षा पट्ट्याच जास्त देते.

ऊन लागतं कातडीला, पण 'उकडतंय' हे कळतं मेंदूला. कातडीतले मज्जातंतू बातमी वर पाठवतात. मेंदूत कानाच्या बाजूला, घडीच्या आत दडलेला इन्सुला नावाचा एक भाग आहे, तो ती बातमी वाचतो आणि आपल्याला ओरडून सांगतो, बाई गं, जीव नकोसा झालाय, सावलीत हो. मानेतून व्हेगस नावाची एक मोठी नस वर जाते. तिला विजेचे बारीक ठोके ठरावीक लयीत दिले, तर ही ओरड दबते. भाजलेल्या रुग्णांची आग कमी करायला कुठल्याशा प्रयोगशाळेत हे शोधून काढलं होतं. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की सगळा देशच भाजतोय, मग सगळ्यांनाच का देऊ नये! बोटभर रुंदीची, रबरी, मानेला मागून चिकटणारी पट्टी निघाली. बाहेर एकोणपन्नास अंश असू दे, लावणाऱ्याला दिवाळीच्या पहाटेसारखं वाटायचं.

शरीर मात्र तापायचं तेवढंच तापायचं. घाम यायचा, कारण घामाचा कारभार मेंदूच्या दुसऱ्याच भागाकडे आहे. फक्त माणसाला पत्ता नसायचा. म्हणून पट्टीत एक भोंगा होता. आतलं तापमान एकोणचाळीसच्या वर गेलं की पट्टी थरथरायची आणि किंचाळायची.

सोबतच्या कागदावर दुष्परिणाम लिहिलेले असत. तोंडाला कोरड. पट्टी काढल्यावर थोडा वेळ उचकी. आणि 'भावना किंचित बोथट होऊ शकतात'. कारण इन्सुला नुसता उकाडा वाचत नाही. पोटात तुटणं, जीव गलबलणं, तेही बरंचसं तिथंच वाचलं जातं. मी हे प्रत्येकाला वाचून दाखवायचे. लोक हसायचे. "सासूपुरत्या झाल्या बोथट तर बरंच आहे की, वहिनी," असं एक जण तर सासूसमोरच म्हणाला होता.

पट्टी आली आणि दोन उन्हाळ्यांत आमच्याकडचे कूलर गेले. वाळ्याच्या ताट्या गेल्या. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून बाजा टाकायची पद्धत गेली. स्वयंपाकघरातल्या तिवईवर माझा माठ होता, तो मी भंगारवाल्याच्या बायकोला देऊन टाकला आणि तिवईवर पट्ट्यांचा चार्जर ठेवला. पूर्वी आमच्या भागात दारात कुणी उभं राहिलं, मग तो टपालवाला का असेना, आधी पाण्याचा गडवा पुढे यायचा. तेही गेलं. कुणी ठरवून नाही बंद केलं. ज्याला उकडत नाही त्याला पाणी विचारायचं सुचत नाही, एवढंच. विजेची मागणी खाली आली, सरकार खूश झालं, आणि 'यंदा काय ऊन आहे बापा!' हे वाक्य मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. नदी फेब्रुवारीतच आटायची. आम्ही पुलावरून बघायचो आणि पुढे जायचो.

रेवाचे बाबा केंद्रात कोळसा विभागात होते. तिथं भोंगा वाजला की नियमानं सक्तीचा आराम, म्हणजे पाळी अर्धवट सोडून घरी. मग फाटकासमोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक चहा पिऊन होईपर्यंत भोंगा मुका करून मिळायचा. अर्ध्या केंद्राचे भोंगे मुके होते. मला माहीत होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरांना माहीत होतं, साहेबांनाही असणार. गेल्या वैशाखात रेवाचे बाबा दुपारची पाळी करून आले, खुर्चीत बसले, म्हणाले, "आज काय भाजी?" मी म्हटलं, "चवळी." पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

रेवानं स्मशानातून आल्या आल्या मानेवरची पट्टी ओरबाडून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती पुन्हा लावली नाही. आमची ही एकुलती एक पोर, वय एकवीस. तेव्हापासून ती अंगभर घामोळ्या घेऊन, ओल्या चादरीखाली पडून दिवस काढायची, कशावरूनही चिडायची, कशावरूनही रडायची. कढईचा आवाज झाला तरी दचकायची. खरं सांगायचं तर मला तिचा कंटाळा यायचा. आपल्याच पोरीचा कंटाळा येतो याचं वाईट वाटायला हवं, हे मला समजत होतं. वाटत नव्हतं.

* * *

आमच्याकडे दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी 'अंधार तास' असतो. देशभर असतो. हवामान बदलाची जाणीव व्हावी म्हणून संध्याकाळी साडेसात ते साडेआठ सगळ्यांनी दिवे घालवायचे. कोळसा जाळून पोट भरणाऱ्या वसाहतीनं तो पाळावा हीच मुळात गंमत. पण महिला मंडळाच्या गौरकार काकू त्याची जत्रा करायच्या. गच्चीवर मेणबत्त्या, अंताक्षरी, मिरचीची भजी आणि शेवटी फोटो.

रेवाचे बाबा दरवर्षी कुरकुरायचे. "तुम्ही तासभर दिवे घालवता आणि आम्ही तिकडे बॉयलर धरून बसतो." त्यांचं खरं होतं. सगळे एकदम दिवे घालवतात तेव्हा विजेच्या जाळ्यावरचा भार धपकन पडतो, वीजनिर्मितीचे संच मंदावर आणावे लागतात. पण बंद करता येत नाहीत, कारण साडेआठला सगळे पुन्हा एकदम लावणार. बॉयलर थंड केला तर परत तापायला कितीतरी तास लागतात. म्हणून कोळसा जळतच राहायचा. "वाचतो काय? भज्यांचं तेलसुद्धा वाचत नाही," म्हणायचे, आणि भजी घ्यायला पहिले पुढे.

यंदाच्या तयारीची बैठक सभागृहात होती. काकूंनी भज्यांचं विचारलं आणि मागून रेवा उभी राहिली.

"यंदा दिव्यांबरोबर पट्टी पण काढायची. तासभर."

सगळे वळून बघायला लागले. पट्टी नसलेली सभागृहात ती एकटीच. घामानं कपाळाला केस चिकटलेले, हातात ओला रुमाल.

"काय बोलून राहिली ही?" काकू मला म्हणाल्या. "काहून वो प्रणिता, पोरीला ऊन लागलं का?"

"हो, मला लागतं," रेवा म्हणाली. "तुम्हाला लागत नाही, तेच तर सांगून राहिले ना मी. अंधारात बसून काय कळणार? अंधार तर रोज होतो. जग किती तापलंय ते अंगाला एकदा कळू द्या. तासभरच म्हणते मी. साडेसातला एक्केचाळीस असतं. पूर्वी लोक राहतच होते की."

ठेंगणे साहेब केंद्रात अभियंता आहेत, शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "वहिनी, तुम्ही सांगा. धोका आहे का?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी 'आहे' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता, आणि मला तो मिटायला हवा होता. पण विचारलेल्या औषधाचं खोटं सांगायची मला सवय नाही.

"म्हातारे आणि लेकरं सोडून बाकीच्यांना धोका नाही," मी म्हटलं. "उकडेल. पाणी प्या. एखाद्याला उचकी लागेल."

"मग ज्याला काढायची त्यानं काढा," साहेब म्हणाले. काकूंनी लगेच जोडून दिलं, "आणि भजी होतीलच!"

घरी येताना जिन्यात रेवानं विचारलं, "तू काढशील ना?"

"नाही."

"का?"

मी कुलूप उघडलं, दिवा लावला, पर्स टेबलावर ठेवली. ती दारातच उभी होती.

"आई, तू बाबांसाठी एकदाही रडली नाहीस."

"आता रडून ते येणार आहेत का?"

"त्यांच्यासाठी नाही म्हणत मी!" तिचा आवाज फाटला. "रविवारी मी भुवनेश्वरला जाते. खारफुटीच्या कामाची दोन वर्षं. मला जाण्याआधी माझी आई एकदा बघायची आहे. ही कोण आहे, जी रोज मला डबा देते, मला माहीत नाही. तू अशीच राहिलीस तर मी सुट्टीत तरी कशाला येऊ? कुणाकडे येऊ?"

मी म्हटलं, "हात धू, जेवायला बस." ती बसली नाही.

त्या रात्री मी पडल्या पडल्या विचार केला. ती सुट्टीत आली नाही तर मला काय वाटेल? पट्टीसकट विचार केला तर उत्तर आलं, काही नाही. आणि त्याचीच मला भीती वाटायला हवी होती. पट्टीखाली त्या दिवसापासूनचं सगळं साठून राहिलंय, एकदा काढली की धरण फुटल्यासारखं अंगावर येईल, ही माझी समजूत होती. भीती वाटत नव्हती, पण तिकडे जायचं नाही हे ठरलेलं होतं, जसं रेल्वे रुळावर बसायचं नाही हे ठरलेलं असतं.

* * *

शनिवारी संध्याकाळी भज्यांचा वास जिन्यात भरला. वसाहत गच्चीवर गेली. रेवा गेली नाही. तिची बॅग भरून दाराशी उभी होती. दोन मजल्यांवरून काकूंचा आवाज आला, "पाच मिनिटं राहिली होऽऽ!"

रेवानं काही विचारलं नाही. ती बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत ते गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. काय झालं कुणास ठाऊक, कदाचित ती तिथं बसलेली मला आवडली नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी ती खरंच जाणार हे तेव्हा डोक्यात शिरलं. मी मानेमागे हात घातला.

दिवे गेले आणि मी पट्टी काढली.

आधी काहीच नाही. मग उकाडा आला. अरे देवा! भट्टीचं दार कुणी उघडावं तसा. भिंती गरम, फरशी गरम, अंगावरचा ब्लाउज गरम. पाठीवर घामाचे ओहोळ आधीपासून वाहत असणार, ते आता लागायला लागले. चार वर्षं मी या भट्टीत राहत होते आणि स्वयंपाक करत होते. गच्चीवर एकदम गिल्ला झाला. "आई गं!" "बाप रे बाप!" "कसं ओ हे!" त्या आवाजानं कुणाचं लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं. कुणीतरी हसत सुटलं होतं, हसू थांबतच नव्हतं. "मले नाही जमत बापा," असं म्हणत कुणी धाडधाड जिना उतरला, पट्टी घरी राहिली असावी.

मी पलंगावर बसून वाट बघायला लागले. आता येईल. अंधारात खुर्चीची आकृती दिसत होती, तिच्यात रेवा. मी मुद्दाम त्यांचा चेहरा आठवला. चवळी आठवली. थर्मामीटर आठवला. घाम डोळ्यांत उतरून चुरचुरत होता, आणि मी वाट बघत होते.

काही आलं नाही.

खूप वेळ गेला. वरची ओरड कमी झाली, आता नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. माझ्या आत कुठे कसलं धरण नव्हतं. कोरडं ठणठणीत होतं. म्हणजे दोष पट्टीचा नव्हताच की काय? मीच अशी होते?

"रेवा," मी म्हटलं. "काही येत नाहीये गं."

ती खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली, "असू दे."

म्हणजे पोरीनं आशा सोडली. तिचा आवाज चिडका नव्हता, दमलेला होता. तो आवाज मला चिडण्यापेक्षा वाईट वाटला.

घसा सुकून लाकूड झाला होता. मी उठले. अंधारात स्वयंपाकघरात जायला मला दिवा लागत नाही, पाय जातात. पाय गेले, आणि उजवा हात आपोआप कोपऱ्यातल्या तिवईकडे गेला, माठावरचं झाकण उचलायला.

हाताला चार्जर लागला.

त्याचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. सगळ्या वसाहतीत विझायचा राहिलेला दिवा आमच्याच घरात होता. मी त्याचं बटण बंद केलं. नळाचं पाणी पेल्यात घेतलं. ते कोमट होतं, माठाची चव नव्हती, तरी मी तिथंच उभ्या उभ्या घटाघटा प्यायले. बाहेर येऊन पलंगावर बसले आणि उचकी लागली.

कागदावर लिहिलेलीच होती. नसेवरचा ठोका थांबला की लागते. पण साधीसुधी नव्हती, सगळं अंग उडत होतं.

"कोण आठवण काढतंय?" रेवा म्हणाली. तोंडातून निघून गेलं तिच्या, लहानपणची सवय. उचकी लागली की मीच तिला शिकवलं होतं, एकेकाचं नाव घ्यायचं, जो आठवण काढत असेल त्याच्या नावाला उचकी थांबते.

"नागपूरची आत्या," ती म्हणाली.

उचकी.

"सुलूमावशी."

उचकी.

"गौरकार काकू? भजी घेऊन ये म्हणत असतील."

मला हसू आलं आणि त्याच्यावर उचकी आली. रेवा पण जरा हसली. मग तिची नावं संपली. आमच्या दोघींची माणसं तरी किती! खोलीत नुसती माझी उचकी ऐकू येत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू घे ना नाव."

माझ्या मैत्रिणी नवऱ्याला नावानं हाका मारायच्या. मला नाही जमलं. ते माझे 'अहो' आणि नंतर 'रेवाचे बाबा'. नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, तेही खाली बघून. गेलेला माणूस आठवण काढत नसतो, एवढं मला कळतं. मी दवाखान्यात बसते.

"हेमराज," मी म्हटलं.

उचकी थांबली. श्वास अडकला की ती थांबते, हे मी रोज कुणाला तरी सांगते. माझा श्वास अडकला होता. तो सुटला तेव्हा जो आवाज आला तो माझा आहे हे मला आधी कळलंच नाही. गुरासारखा आवाज. रेवा खुर्चीतून उठून आली आणि तिनं मला धरलं. दोघींच्या अंगाचा घाम एकमेकींना लागत होता, आणि मला तिचं अंग गरम लागत होतं. पोरीचं अंग इतकं गरम असतं हे मी विसरले होते.

"पाणीसुद्धा मागितलं नाही गं त्यांनी," मी म्हणत होते. "नुसतं भाजीचं विचारलं. पाणी मागितलं नाही गं."

"हो आई," ती म्हणत होती. "हो."

कधीतरी साडेआठ वाजले. गच्चीवर टाळ्या झाल्या, समोरच्या इमारतीत भराभर दिवे लागले, जिन्यात पावलं आणि पट्ट्या लावल्याचे सुटकेचे आवाज आले. सगळीकडे उजेड झाला. खालून काकूंची हाक आली, "प्रणिता, वो चटप वहिनी! तास संपला! दिवे लावा ना आता!"

रेवा गॅलरीत गेली. "हो काकू, लावतो," तिनं वाकून सांगितलं.

मग ती आत आली, दार लोटलं, आणि दिवा न लावता माझ्याजवळ येऊन बसली.